पाणी न झिरपणारा तळ

१० आश्विन
चर मानिकजोड

मा लुत्फा,

आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं ते लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कोण बोलतोय याचा तुला विसर पडणार नाही.

तुझा पाळणा, फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा दिवा, ज्याच्या उजेडात तू अक्षरं गिरवलीस. बिघडलेल्या रेडिओच्या पोटातून काढलेल्या भागांची पेटी, जी बॅटरीला पोट फुटेस्तोवर खाऊ देत नाही. मिरच्या वाळवायचं काचेचं कपाट. आणि ती बांबूची चौकट, जिच्या एका बाजूला पाण्याचं मडकं टांगलं होतं. मडक्याच्या बुडातून थेंब थेंब गळायचं, मडकं हलकं व्हायचं, आणि वरची सोलरची प्लेट सूर्याच्या मागे पूर्वेकडून पश्चिमेकडे मान वळवत जायची. हे मला कोणी शिकवलं नाही. पाचवीनंतर मला कोणीच काही शिकवलं नाही. शहरातून आलेल्या साहेबांनी त्या चौकटीचे फोटो काढून नेले; माझा नाही काढला.

शिवाय प्लेटा. या चरावरच्या आणि आसपासच्या वाळूच्या बेटांवरच्या, मेल्या म्हणून फेकलेल्या जवळपास सगळ्या प्लेटा मी उठवून बसवल्या. बहुतेकींना काही झालेलं नसतं. मागच्या डबीतला मण्याएवढा डायोड जळलेला असतो, नाहीतर तार गंजलेली. लोक उगाच मयताची तयारी करतात.

दोन वर्षांपूर्वी नावेत पाय ठेवताना तू म्हणालीस, "अब्बा, तुम्हाला जे म्हणायचं असेल ते लेखी द्या." मला वाटलं, तू मला तोडलंस. नंतर मेंबर कलाम म्हणाला, ढाक्याच्या ऑफिसात सगळेच असं बोलतात, सख्ख्या आईशीसुद्धा. तर हे लेखी.

तुमच्या खात्याचा नवा नियम परिषदेच्या दारावर चिकटवला आहे. मी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. जुन्या प्लेटा गोळा करायला, साठवायला, उघडायला परवाना पाहिजे. परवान्याला अर्जदाराच्या नावावरच्या जागेचे कागद पाहिजेत. जागेला छप्पर पाहिजे आणि खाली पाणी झिरपणार नाही असा तळ पाहिजे. हे ज्याच्याकडे नाही त्याने चैत्र सरायच्या आत सगळ्या प्लेटा परवाना असलेल्या कंपनीकडे जमा करायच्या. कंपनी त्या दळणार. काच वेगळी, ॲल्युमिनियम वेगळं. ज्या अजून उजेड देतात त्याही.

मा, तू ज्या बेटावर जन्मलीस ते आता पाण्याखाली आहे. त्याआधीचं, जिथे तुझ्या आईला मी लग्न करून आणलं, तेही. जागेचे कागद कुठले दाखवू? माशांच्या सह्या आणू?

हापशाबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण लेखीच द्यायचं तर सगळंच. पुरात घराचं जोतं टिकावं म्हणून इथे जो तो त्यात हाताला लागेल ते कठीण भरतो. वीट नावेने येते, परवडत नाही. मी फुटक्या प्लेटा भरल्या. काच खाली, थरावर थर, सांध्यावर सांधा येऊ न देता. असं जोतं या नदीवर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. लोक बघायला यायचे. आणि दोन वर्षांपूर्वी तू साहेबांना घेऊन आलीस, सगळ्यांसमोर हापशाशेजारी खणलंस, माती पिशवीत भरलीस. महिन्याभराने एक माणूस येऊन आपल्या हापशाला लाल रंग लावून गेला. पाण्यात शिसं आहे म्हणे, प्लेटांच्या जोडांना लावलेल्या डाखातून उतरलेलं. मी चव घेऊन बघितली. पाण्याला पाण्याचीच चव आहे.

तुझी आई तेव्हापासून शाळेवरून पाणी आणते. तुझं ऐकून; माझं नाही.

तुझा बाप,
तोफाज्जल मिस्त्री

आई म्हणते, तू बारीक झाली असशील. न बघता कशी कळते तिला ही मापं, अल्ला जाणे.


२ कार्तिक

मा लुत्फा,

उत्तर नाही. ठीक आहे. ऑफिसात कागद खालून वर जायला वेळ लागतो.

आज आभाळ धुतलेलं होतं म्हणून सगळ्या प्लेटा वाळूवर मांडल्या. मोजायच्या तर भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना. बाकी वेळचं माप म्हणजे झोपेतल्या माणसाला वय विचारणं. मोजून झाल्यावर मी कडब्याच्या पेंढ्यांच्या सावलीत आडवा झालो. काश गवताची पांढरी फुलं उडत होती. एक ढग आला तो आधी पहिल्या प्लेटेत उतरला, मग दुसरीत, मग तिसरीत, असा एकेका घरात डोकावत गेला. बदकांची एक रांग वरून गेली तीसुद्धा प्रत्येकीत थोडी थोडी. मला वाटलं, मी वर आहे आणि आभाळ खाली वाळूवर पसरलं आहे, आणि कोणीतरी म्हणतंय, मिस्त्री, हे जरा जुनं झालंय, बघ चालतं का. मी म्हटलं, ठेवून जा.

डोळे उघडले तर आसिया खाला उभी. पलीकडच्या बेटावरून आली होती. तिची प्लेट गोधडीत गुंडाळून, आजारी नातवाला आणावं तशी.

"बघ रे, हिला काय झालंय. संध्याकाळी दिवा लावला की डोळे मिचकावते."

मी मोजायचा काटा लावला. "खाला, अर्ध्यावर आलीय. वय झालंय."

"मग मी काय पूर्ण आहे? मलाही नेणार का दळायला?"

हे तुमच्या नियमात कुठे बसतं ते सांग. ज्यांच्याकडे विजेचे खांब पोचले त्यांनी प्लेटा फेकल्या. खालाच्या बेटावर खांब पोचणार नाहीत; खांब रोवावा आणि वर्षाने तो नदीत चालताना बघावा, असलं बेट ते. तिला अर्धी प्लेट म्हणजे अख्खा दिवा. माझं म्हणणं एवढंच: आधी मोजा, मग ठरवा. जी अर्ध्याच्या वर आहे तिला जगू द्या. जी फुटली ती न्या, दळा, माझं काही म्हणणं नाही.

नदीच्या काठाला केसाएवढी रेघ पडली आहे. आईला सांगितलेलं नाही.

तोफाज्जल मिस्त्री


२१ कार्तिक

मा,

घर उघडलं.

परवा सकाळी रेघ केळीपर्यंत आली. अशा वेळी इथे कोणाला हाक मारावी लागत नाही, हे तुला माहीत आहे. येतात, छपरावर चढतात. आधी पत्रे, मग खांब, मग तागाच्या काड्यांच्या भिंती, चूल सर्वांत शेवटी. सोलेमान नावाडी त्याची जुनी, वाळू वाहायची नाव घेऊन आला. दुकानातल्या चांगल्या प्लेटा पहिल्या खेपेतच त्यात ठेवल्या, पेंढ्यावर, तोंडाला तोंड लावून.

मग मी कुदळ घेऊन जोत्यावर चढलो.

"मिस्त्री, डोकं फिरलं का? पत्रे उचल!"

"पत्रे तुम्ही उचला. मला खालचं काढायचंय."

"खाली काय सोनं पुरलंयस?"

"फुटक्या प्लेटा."

"अरे, नदी नेतेय ना फुकटात! भाडंसुद्धा मागत नाही. जाऊ दे की!"

तुझ्या आईने पदर खोचला आणि टोपली घेऊन माझ्यासमोर बसली. मी खणायचं, तिने भरायचं. थोड्या वेळाने सोलेमान माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत खाली उतरला, त्याच्यामागे बाकीचे. जितक्या निगुतीने थर लावले होते तितक्याच निगुतीने ते निघाले. मी स्वतः लावले होते, कुठून सुरू करायचं हे मलाच ठाऊक. एकही तुकडा नदीला गेला नाही, हे मी शपथेवर लिहितो.

त्यात वेळ गेला. म्हणून पूर्वेची भिंत गेली, चांगले दोन खांब गेले, मिरच्यांचं कपाट गेलं आणि तुझा पाळणा गेला. पाळणा लगेच बुडाला नाही. रिकामाच हलत हलत, कोणीतरी हलक्या हाताने झोका देत असावं तसा, उन्हातून लांब गेला. तुझी आई बघत राहिली. म्हणाली, "निजली वाटतं."

मग हापसा. लाल रंगासकट वाकला, आणि पाण्यात शिरताना त्याचा दांडा एकदा वर झाला आणि खाली आला, खालून कोणी पाणी हापसावं तसा.

तुकडे का काढले, असं तू विचारशील. काचेने कोळ्यांची जाळी फाटतात. दुसरं कारण नाही.

तो. मि.


९ पौष
नावेतून

मा लुत्फा,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी. "पत्रं मिळाली. आई कुठलं पाणी पिते?"

पाणी शाळेच्या हापशाचं, ज्याला तुमच्याच माणसाने हिरवा रंग लावला आहे. रोज कळशी भरून आणतो. मी. झालं उत्तर.

आम्ही आता नावेत राहतो. सोलेमानला दोन्ही गायी दिल्या आणि त्याची वाळूची नाव घेतली. आईने गायींच्या गळ्यात पडून निरोप घेतला, माझ्याशी मात्र आठवडाभर बोलली नाही. घराचे पत्रे नावेचं छप्पर झाले. तेच पत्रे, तीच भोकं. ऊन पडलं की त्याच जागी तेच ठिपके पडतात, फक्त आता ते हलतात.

धुकं असं पडलं आहे की नदी आणि आभाळ यांच्यातला सांधा दिसत नाही. मी जन्मभर सांधे जोडले, असा सांधा मला जमलेला नाही. सकाळी नाव कशावर उभी आहे ते कळत नाही. मासे मारणाऱ्या कोणाचं खाकरणं ऐकू येतं आणि वाटतं ते वरून आलं. प्लेटा खाली पेंढ्यात निजल्या आहेत. एखादी वर आणून धुक्यात धरली तर काटा जेमतेम हलतो, स्वप्नात माणसाची बोटं हलतात तेवढाच.

मध्ये दोन दिवस अवेळी पाऊस झाला. आई घमेल्याने पाणी उपसत होती आणि नावेला शिव्या देत होती.

"मेलं खाली जाईल तर शपथ! बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. नाव आहे की माझं सासर?"

मी ताटावरून उठलो. राळ्याचा भात तसाच राहिला.

"काय झालं? मी सासूबाईंना काही बोलले नाही, नावेला बोलले."

"पुन्हा म्हण."

"काय पुन्हा म्हणू? सासर?"

"त्याच्या आधीचं."

मा, तुमच्या नियमात लिहिलं आहे: पाणी झिरपणार नाही असा तळ. तुमच्या मनात सिमेंट असेल. पण लिहिताना तुम्ही सिमेंट लिहिलेलं नाही, मी पुन्हा जाऊन बघून आलो. या नदीवर पाणी झिरपू न देणारा तळ एकच, तो नावेचा. मी फळ्यांमध्ये तागाचा काथ्या ठोकला, वर डांबर दिलं, त्यावर पत्रा, त्याच्या कडा वर वळवून. फुटक्या प्लेटांसाठी वेगळा कप्पा केला, झाकणाचा. तिथलं पाणी एका पिंपात जमतं, नदीत जात नाही. हे मला नियमाने सांगितलं नव्हतं.

अर्ज दिला आहे. "जागेचा पत्ता" या रकान्यात मी "ब्रह्मपुत्र" असं लिहिलं. कारकून म्हणाला, "चाचा, नदी हा पत्ता होत नाही." मी म्हटलं, "माझे आतापर्यंतचे सगळे पत्ते तिथेच आहेत." त्याने अर्ज घेतला, पण हसून. हसून घेतलेल्या अर्जाचं काय होतं हे मला माहीत आहे. तुला वशिला लावायला सांगत नाही. तू लावू नकोस. फक्त कळवलं.

अर्ज फेटाळला तर चैत्रात नाव मोकळी करून द्यावी लागेल. खालाची प्लेटही तीतच आहे.

तुझा बाप


१७ माघ

मा लुत्फा,

तपासणी झाली.

तुमचे मोस्तफिज साहेब आले. चपला हातात, दुसरा हात छपराच्या खांबाला. नाव बांधलेली होती, तरी चेहरा हिरवा.

"मिस्त्री साहेब, ही हलते."

"श्वास घेते, साहेब. बसा."

त्यांनी तळ बघायला मागितला. बादलीभर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून त्याच्याकडे बघत बसले.

"झिरपत नाही ना?"

तुझी आई आडून म्हणाली, "झिरपलं असतं तर साहेब आत्ता पोहत असते."

ते हसले, मग त्यांचा रंग परत आला. सगळं मोजलं. पिंप बघून काहीतरी लिहिलं, ते मला वाचता आलं नाही, पण पेन जोरात टेकवून लिहिलं. मग पिशवीतून कागद काढला. म्हणाले, नियमाला ढाक्याहून पुरवणी आली आहे. जिथे नदीमुळे जागा कायम राहत नाही तिथे नोंदणी झालेली नाव हीच जागा धरावी आणि नावेचा नंबर हाच पत्ता. आणि दुसरं कलम: प्रत्येक प्लेट आधी मोजावी, अर्ध्याहून जास्त ताकद देणारी दुरुस्त करून, दुरुस्त करणाऱ्याचा नंबर चिकटवून परत वापरता येईल. फुटलेली एका मोसमाच्या आत कंपनीकडे पोचवावी, आणि तसं न केल्यास परवाना रद्द.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मिस्त्री साहेब, ऑफिसात कोणी काही लिहीत नसतं. वरून येतं."

मी पुरवणी नीट वाचली. चांगली आहे. दुसऱ्या कलमात "दुरुस्त करून" नंतरचा स्वल्पविराम अनावश्यक आहे. आणि "अर्ध्याहून जास्त" लिहिलंय, तिथे "अर्धी किंवा जास्त" पाहिजे होतं, कारण खालाची प्लेट बरोबर अर्ध्यावर आहे. पण मी नवा डायोड घालून तिला अर्ध्याच्या वर नेली आहे, त्यामुळे वरून ज्याने पाठवलं त्याने काळजी करू नये.

परवाना मिळाला. लाकडी चौकट करून छपराखाली लावला आहे. चौकटीलाही खिळा नाही.

मोस्तफिज साहेबांनी आईला विचारलं, पाणी कुठलं पिता. त्यांच्या यादीत तो प्रश्न नव्हता, मी यादी बघितली होती.

तो. मि.


२६ चैत्र
नावेतून, चिलमारी घाट

मा लुत्फा,

तुझं पत्र कालच आलं. या वेळी चार ओळी. कंपनीची माणसं नावेवर आली होती असं तुला ऑफिसात कळलं, मी परवाना विकला अशी कुजबुज आहे, आणि जे झालं ते खरं काय ते लेखी कळवा. कळवतो.

आली होती. कंपनीतर्फे रायहान नावाचे साहेब आले. सभ्य माणूस. बूट काठावर काढले, आईच्या हातची सुक्या माशांच्या सिदोलची तिखट चटणी दोनदा मागून घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाहीत. फुटक्या प्लेटा मी आधीच त्यांच्या कारखान्याला पाठवल्या होत्या, जोत्यातल्या सगळ्या. पावती सोबत जोडली आहे. ते त्याबद्दल बोलायला आले नव्हते.

म्हणाले, "मिस्त्री साहेब, या बेटांवर आमचा माणूस पोचत नाही. पोचला तरी लोक प्लेट देत नाहीत. तुम्हाला देतात. नाव आम्हाला द्या, परवान्यासकट. तुम्ही आराम करा."

"आणि नावेतल्या प्लेटा?"

"आमच्याकडे वर्षाला किती वजन दळलं ते सरकारला दाखवावं लागतं."

"यातल्या बऱ्याच उजेड देतात."

"वजन सारखंच असतं ना."

असं म्हणून त्यांनी रक्कम सांगितली आणि दुसरी एक गोष्ट सांगितली. पेंढ्यात प्लेटा होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने नाव: आसिया खाला, भोंगेवाला इद्रिस, दोन्ही हात नसलेला मोकसेद, बेटावरची शाळा. दुपारची वेळ होती, नाव पाण्यावर वर-खाली होत होती, आणि छपराच्या भोकांतून पडलेले उन्हाचे ठिपके त्या नावांवरून सरकत होते, हजेरी घेतल्यासारखे. मी बराच वेळ ते बघत बसलो. साहेबांना वाटलं मी हिशेब करतोय.

मी आईला आत जाऊन विचारलं. "तू काय म्हणतेस?"

ती तांब्या घासत होती. म्हणाली, "लुत्फाचे अब्बा, मला विचारू नका. मी हो म्हणेन."

मी बाहेर येऊन नाही म्हणालो.

साहेबांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हणालो. ते बूट घालून गेले. त्यानंतर आई जेवायला वाढते, पण बोलते ती कोंबडीशी. काल कोंबडीला म्हणाली, "माणसाने हुशार असावं, पण इतकं नसावं." तिचं चुकत नाही. प्रत्येक ईदला ती घाटावर येऊन बसते आणि ढाक्याहून आलेल्या बसमधून उतरणाऱ्या बायकांच्या चालीकडे बघते. तू लांबून चालत आलीस तर मी चेहऱ्यावरून ओळखेन, ती पायांवरून.

उद्या नाव सोडतो. आधी शाळा, मग खालाचं बेट, मग वारा नेईल तसं. कुठे भेटाल असं विचारायचं झालंच तर नावेचा नंबर तुमच्या नोंदीत आहे. घाटावर विचारलं की सांगतील.

तू लेखी मागितलंस म्हणून त्यांनी काय देऊ केलं ते खाली लिहितो. यातलं मी काहीही घेतलेलं नाही.

मीरपूरमध्ये, तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीसह, मी आणि तुझी आई जिवंत असेपर्यंत. आणि रोख चौदा लाख टका.